प्रीव्ह्यू विंडोजसाठी अँटिव्हायरस निवडताना

ऑपरेटिंग सिस्टिमची प्रीव्ह्यू आवृत्ती म्हणजे अजून घडत असलेली, पण वापरून पाहण्यासाठी लोकांच्या हाती दिलेली आवृत्ती. विंडोज ७ची बीटा जानेवारी २००९मध्ये अशीच खुली झाली होती. तिची मुदत १ ऑगस्ट २००९ला संपत होती आणि त्याच्या महिनाभर आधीपासून, १ जुलैपासून, ती दर दोन तासांनी संगणक आपोआप बंद करू लागली. तिच्यावरच कामे चालवणाऱ्यांना वेळीच जाग यावी हा त्यामागचा हेतू. विंडोज ८च्या वेळी डेव्हलपर, कन्झ्युमर आणि रिलीज अशा तीन प्रीव्ह्यू आल्या. १ ऑक्टोबर २०१४ला विंडोज १०ची टेक्निकल प्रीव्ह्यू आली, तिच्यासोबत विंडोज इनसायडर प्रोग्रॅम सुरू झाला आणि तेव्हापासून प्रीव्ह्यूचा ओघ अखंड चालू आहे. २०२३मध्ये कॅनरी चॅनलची भर पडल्यावर या कार्यक्रमात कॅनरी, डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रीव्ह्यू असे चार चॅनल झाले. पहिल्यात सर्वांत कच्चे बिल्ड, शेवटच्यात जवळजवळ पक्के.

नेहमीच्या विंडोजसाठी अँटिव्हायरस घेताना तो किती व्हायरस पकडतो, संगणक किती जड करतो आणि वर्षाला किती पैसे घेतो, एवढे पाहिले की पुरते. प्रीव्ह्यूवर या सगळ्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो: हा अँटिव्हायरस या बिल्डवर नीट चालतो का? याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बाकीचे गुण कामाचे नाहीत. तो विंडोज सुरूच होऊ देणार नाही, किंवा चालू असल्याचे दाखवील आणि प्रत्यक्षात काहीच तपासणार नाही. यातला दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो लक्षातच येत नाही.

वर्ड किंवा ब्राउझर प्रीव्ह्यूवर सहसा बिनतक्रार चालतात. अँटिव्हायरसच का अडतो, हे समजण्यासाठी तो कुठे बसतो ते पाहायला हवे. साधे सॉफ्टवेअर विंडोजच्या वरच्या थरात चालते. ते कोसळले तर तेवढी एक खिडकी बंद पडते. अँटिव्हायरसचा मुख्य भाग ड्रायव्हरच्या रूपात थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात उतरतो. कोणतीही फाइल उघडण्याआधी ती मागणी त्याच्या हातून जाते. फाइलवरचा हा पहारा मिनीफिल्टर नावाचा ड्रायव्हर करतो. नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या डेटासाठी वेगळा ड्रायव्हर असतो. विंडोज ८पासून तर असाही ड्रायव्हर आला, जो संगणक सुरू होताना बाकीच्या ड्रायव्हरांच्या आधी जागा होतो आणि त्यांच्यातला कोणता भरवशाचा ते सांगतो. गाभ्यात चूक झाली की एक खिडकी बंद पडून भागत नाही, सगळी विंडोजच कोसळते; २०२५पर्यंत पक्क्या विंडोजवर त्याची खूण निळा पडदा असे. आणि प्रीव्ह्यूमध्ये नेमका हा गाभाच दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलत असतो.

अंतर्गत रचनेवर विसंबलेला अँटिव्हायरस कसा अडचणीत येतो, याचा एक दाखला जानेवारी २०१८चा आहे. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांसाठी मायक्रोसॉफ्टने तातडीचे अपडेट काढले, तेव्हा असे आढळले की काही अँटिव्हायरस कर्नलच्या मेमरीत अशा वाटांनी हात घालत होते ज्यांना मायक्रोसॉफ्टची मान्यताच नव्हती. मेमरीची मांडणी बदलताच ते निळा पडदा आणत आणि संगणक पुन्हा सुरूही होत नसे. शेवटी मायक्रोसॉफ्टने अट घातली, की अँटिव्हायरसने ‘मी सुसंगत आहे’ अशी खूण रजिस्ट्रीत करून ठेवल्याशिवाय त्या संगणकाला ते अपडेट मिळणार नाही. हे पक्क्या, बाजारात असलेल्या विंडोजवर घडले. घडत्या आवृत्तीवर असे काही झाले, तर वापरणाऱ्याला सावध करणारी अशी अट असेलच याची खात्री नाही.

नवे नियमही बऱ्याचदा आधी प्रीव्ह्यूत उतरतात. विंडोज १०ची १८०९ ही आवृत्ती घडत असताना असा नियम आला, की अँटिव्हायरसची सेवा संरक्षित प्रोसेस म्हणून चालत नसेल तर विंडोजचे सिक्युरिटी सेंटर तिची नोंदच घेणार नाही. ज्या कंपन्यांनी तोवर ही तयारी केलेली नव्हती, त्यांचे उत्पादन इनसायडरच्या संगणकावर बसले असूनही सिक्युरिटी सेंटरमध्ये दिसेना आणि डिफेंडर त्याच्या जोडीने चालू राही. एकाच फाइलवर दोन पहारेकरी बसले की दोघे एकमेकांची वाट अडवतात आणि संगणक रखडतो. दोष त्या अँटिव्हायरसच्या व्हायरस पकडण्याच्या ताकदीत मुळीच नव्हता.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. दर बिल्डवर आपले ड्रायव्हर तपासत बसणे कोणालाच परवडत नाही. बहुतेक जण रिलीज प्रीव्ह्यू किंवा अंतिम आवृत्तीवरच नेट लावतात. तेवढ्यालाही वेळ पुरत नाही अशी तक्रार होती. विंडोज १०च्या काळात कॅस्परस्कीने युरोप आणि रशियातल्या स्पर्धा नियामकांकडे मायक्रोसॉफ्टविरुद्ध दाद मागितली, तेव्हा अंतिम बिल्ड हाती येण्यापासून ते लोकांपर्यंत जाण्यापर्यंत मिळणारा अवधी फार तोकडा आहे, हा त्यातला एक मुद्दा होता. ऑगस्ट २०१७मध्ये मायक्रोसॉफ्टने हा अवधी वाढवण्याचे मान्य केले आणि तक्रार मागे घेतली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला अंतिम बिल्डशी जुळवून घेताना धावपळ होत असेल, तर मधल्या एखाद्या डेव्ह बिल्डवर तिचे उत्पादन नीट चालेलच अशी अपेक्षा वापरणाऱ्यानेही धरू नये.

या सगळ्याचा विचार करता प्रीव्ह्यू वापरणाऱ्या बहुतेकांसाठी योग्य निवड विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हीच आहे. व्हिस्टा आणि विंडोज ७मधला डिफेंडर फक्त स्पायवेअर शोधत असे. तो जुना अनुभव मनात ठेवून अनेक जण आजही त्याला कमी लेखतात. २०१२च्या विंडोज ८पासून तो पुरा अँटिव्हायरस आहे. प्रीव्ह्यूवर त्याचे पारडे जड होण्याचे कारण साधे आहे: तो त्याच बिल्डसोबत बांधला जातो आणि त्याच बिल्डसोबत तपासला जातो. कर्नलमधला एखादा बदल डिफेंडरला झेपत नसेल, तर ते मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संगणकांवर आधी उघडकीला येते. शिवाय त्याच्या व्हायरस-व्याख्या आणि इंजिन बिल्डची वाट न पाहता स्वतंत्रपणे अद्ययावत होतात. कॅनरी आणि डेव्ह चॅनलवर डिफेंडरखेरीज दुसरे काही बसवण्याला सबळ कारण असेल तरच बसवावे.

अशी कारणे असतात. ऑफिसच्या सगळ्या संगणकांवर एकाच कंपनीचा अँटिव्हायरस मध्यवर्ती कन्सोलवरून चालवायचा नियम असतो आणि नवी विंडोज येण्याआधी तो तिच्यावर चालतो का हे आयटी विभागाला पाहायचे असते. एखाद्याने तीन वर्षांचा, पाच संगणकांचा परवाना आधीच घेतलेला असतो. महाराष्ट्रात पुण्याच्या क्विक हीलचे खोके संगणक दुरुस्तीच्या दुकानातून घेतलेले असते आणि दुकानदाराशी ओळख असल्याने तेच पुढे चालू ठेवायचे असते. यातले पहिले कारण पूर्ण रास्त आहे. प्रीव्ह्यूचा खरा उपयोगच तो. उरलेल्या दोन्हींत परवाना पक्क्या विंडोजच्या संगणकासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस घ्यायचाच असेल, तर आधी आपल्या हातातले बिल्ड नेमके कोणते ते पाहावे. स्टार्टमध्ये ‘विनव्हर’ टाइप केले की एक छोटी खिडकी उघडते. तीत आवृत्तीचे नाव, बिल्डचा क्रमांक आणि प्रीव्ह्यू असेल तर मुदत संपण्याची तारीख दिसते. विंडोज ११ची पहिली आवृत्ती २२०००, तिची २४एच२ ही आवृत्ती २६१००. आपला क्रमांक बाजारातल्या पक्क्या आवृत्तीच्या किती पुढे आहे यावरून धोक्याचा अंदाज येतो. क्रमांक तोच आणि टिंबापुढचा आकडाच वेगळा असेल, तर गाभा बहुधा तोच आहे आणि पक्क्या आवृत्तीवर चालणारा अँटिव्हायरस इथेही चालण्याची शक्यता चांगली. मुख्य क्रमांकच वेगळा असेल, तर गाभा वेगळा आहे असे धरून चालावे.

मग कंपनीने जाहीर केलेली सिस्टिम रिक्वायरमेंट नीट वाचावी. ‘विंडोज ११वर चालते’ या शब्दांत प्रीव्ह्यू येत नाही. बऱ्याच कंपन्या प्रीव्ह्यू आणि बीटा आवृत्त्यांसाठी मदत देत नसल्याचे तिथेच लिहितात. तसे लिहिले असेल तर अडचण आल्यावर कस्टमर केअरशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. काही कंपन्या नव्या विंडोजसाठी आपल्या उत्पादनाची बीटा काढतात. ती अनेकदा जुन्या पक्क्या आवृत्तीपेक्षा बरी चालते, कारण तिचे ड्रायव्हर नव्या कर्नलवर घासूनपुसून पाहिलेले असतात. पण घडती विंडोज आणि तिच्यावर घडता अँटिव्हायरस ही जोडी फक्त चाचणीच्या संगणकावरच असावी.

प्रोसेसरकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. स्नॅपड्रॅगनसारख्या आर्म प्रोसेसरच्या लॅपटॉपवर विंडोज साध्या प्रोग्रॅमचे भाषांतर करून ते चालवते. इंटेलसाठी बनवलेले कित्येक प्रोग्रॅम त्यावर सुरळीत चालतात. ही सोय ड्रायव्हरांना नाही. कर्नलमध्ये उतरणारा भाग आर्मसाठीच बांधलेला असावा लागतो. म्हणून आर्मच्या लॅपटॉपवर प्रीव्ह्यू टाकायची असेल, तर अँटिव्हायरसची आर्म आवृत्ती आहे का हा प्रश्न बिल्डच्याही आधी विचारावा.

चाचणी-संस्थांचे गुण इथे किती मानावेत? माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरसुलभता यांना प्रत्येकी ६ असे १८पैकी गुण देते; इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आपल्या श्रेणी देते. दोन्हींचे काम मोलाचे आहे. मात्र घरगुती वापराच्या या चाचण्या पक्क्या विंडोजवर होतात. तिथे १८पैकी १८ मिळवणाऱ्या उत्पादनाचा ड्रायव्हर परवाच्या बिल्डवर कसा वागेल, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. बिल्डशी जुळणारी दोन उत्पादने समोर असतील, तेव्हा त्यांच्यातून एक निवडायला हे गुण वापरावेत.

कंपनीचा स्वभावही पाहावा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकच्या एका अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच वेळी पाडले. आपल्याकडे काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते अपडेट नव्या ड्रायव्हरचे नव्हते, धोके ओळखण्याच्या माहितीचे होते. ती माहिती वाचणारा कर्नलमधला कोड २० नोंदींची अपेक्षा करत होता, नव्या साच्यात २१वी नोंद तपासायला सांगितले होते. कोड मेमरीत नको तिथे वाचायला गेला आणि कोसळला. यातून निवडीसाठी घ्यायचा बोध स्पष्ट आहे: जी कंपनी अपडेट टप्प्याटप्प्याने सोडते आणि थोडे उशिराने घेण्याची सोय देते, ती प्रीव्ह्यूसाठी बरी. त्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरस कर्नलच्या बाहेर चालवता येईल अशी नवी रचना हाती घेतली आणि २०२५मध्ये ती काही सुरक्षा कंपन्यांना चाचणीसाठी दिली. ती स्थिरावली, तर या लेखातल्या कित्येक सूचनांची गरज उरणार नाही. तोवर त्या पाळलेल्या बऱ्या.

निवड झाली, की बसवण्याआधी जुना अँटिव्हायरस पूर्ण काढावा. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केल्यावरही ड्रायव्हर मागे राहू शकतात; त्यासाठी बहुतेक कंपन्या स्वतःचे रिमूव्हल टूल देतात, ते वापरून संगणक रीस्टार्ट करावा. मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एफएलटीएमसी’ ही पाच इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. फाइलवर पहारा देणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांची यादी समोर येते: डावीकडे नाव, उजवीकडे त्याची ‘उंची’, म्हणजे रांगेतला त्याचा क्रम. अँटिव्हायरससाठी मायक्रोसॉफ्टने ३,२०,०००पासून पुढे ३,३०,०००च्या आतली पट्टी राखून ठेवली आहे. डिफेंडरचा डब्ल्यूडीफिल्टर ३,२८,०१०वर बसलेला दिसतो. या पट्टीत, काढून टाकलेल्या उत्पादनाची आठवण करून देणारे एखादे नाव अजून दिसत असेल, तर काम अर्धवट झाले आहे आणि नवा अँटिव्हायरस घालायची वेळ आलेली नाही. प्रीव्ह्यू कोसळली की दोष बिल्डला दिला जातो; पुष्कळदा कारण हा विसरलेला जुना ड्रायव्हरच असतो.

बसवण्याआधी रिस्टोर पॉइंट किंवा, त्याहून चांगले, संपूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. ती त्याच संगणकात ठेवून उपयोग नाही.

बसवल्यावर विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये नव्या उत्पादनाचे नाव दिसते का ते पाहावे. नोंद नीट झाली की डिफेंडर स्वतःहून मागे सरतो. तो हाताने बंद करण्याची खटपट करू नये. पण नाव दिसणे आणि पहारा चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्रीसाठी आयकारची चाचणी-फाइल वापरावी. ती ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे. ती नोटपॅडमध्ये चिकटवून फाइल सेव्ह करताच अँटिव्हायरसने ती उचलून बाजूला करायला हवी. काही क्षण थांबूनही फाइल डेस्कटॉपवर तशीच बसून राहिली आणि डबल-क्लिकलाही कोणी हटकले नाही, तर कोपऱ्यातले हिरवे चिन्ह काहीही सांगो, या बिल्डवर पहारा नाही. ही चाचणी उत्पादन चांगले की वाईट हे सांगत नाही, ते जागे आहे की नाही एवढेच सांगते. प्रीव्ह्यूवर तेच पाहायचे असते. म्हणून प्रत्येक नव्या बिल्डनंतर ती पुन्हा करावी. मोठ्या बदलाच्या वेळी विंडोजचा सेटअप न जुळणारा अँटिव्हायरस आढळल्यास त्याचे नाव सांगून तो काढायला लावतो. तेव्हा तो निमूटपणे काढावा आणि नव्या बिल्डसाठी अपडेट येईपर्यंत डिफेंडरवर राहावे.

नव्या बिल्डनंतर संगणक सुरूच होईना, तर रिकव्हरीच्या पडद्यावरून सेफ मोडमध्ये जावे. तिथे बाहेरच्या कंपन्यांचे बहुतेक ड्रायव्हर चढत नाहीत, त्यामुळे अँटिव्हायरस काढता येतो. काढल्यावर संगणक नीट सुरू झाला, तर दोषी सापडला. तरीही अडले, तर सहसा दहा दिवसांच्या आत मागच्या बिल्डवर परतता येते. दोन्ही वेळा फीडबॅक हबमध्ये आणि अँटिव्हायरसच्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी; बिल्ड क्रमांक, उत्पादनाची आवृत्ती आणि विंडोज फोल्डरातल्या मिनीडम्पमधली फाइल सोबत द्यावी. नुसते ‘संगणक बंद पडला’ असे लिहिल्याने कोणालाच मदत होत नाही. इनसायडर झालेल्या माणसाकडून जी मदत हवी असते, ती हीच.

इथे संगणकावर काय ठेवायचे हाही प्रश्न येतो, आणि तो अँटिव्हायरसच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. इनसायडर बिल्डसाठी निदानाचा वाढीव डेटा मायक्रोसॉफ्टला पाठवण्याची संमती द्यावी लागते. अनेक अँटिव्हायरस संशयित फाइलींचे नमुने आपल्या सर्व्हरवर पाठवतात. बँकेचे व्यवहार, जीएसटीची विवरणपत्रे, डिजिटल सहीचे टोकन, रुग्णांच्या नोंदी असलेला संगणक प्रीव्ह्यूसाठी वापरूच नये. वेगळा संगणक नसेल आणि विंडोज प्रो असेल, तर हायपर-व्हीमध्ये आभासी मशीन करून प्रीव्ह्यू तिच्यात टाकावी. अँटिव्हायरस बसवण्याआधी चेकपॉइंट घेतला, की बिघाडानंतर काही मिनिटांत पूर्वस्थिती येते.

मॅकवर चित्र थोडे सोपे आहे. २०१९च्या कॅटलिनापासून ॲपलने सुरक्षा-सॉफ्टवेअरला कर्नलच्या बाहेर काम करण्यासाठी स्वतंत्र चौकट दिली, त्यामुळे बीटावर संगणकच कोलमडण्याचा धोका कमी. तरी नेटवर्कच्या बाजूला अडचणी येतात: सप्टेंबर २०२४मध्ये सिक्वोयाची पक्की १५.० आवृत्ती आल्यावर काही सुरक्षा-सॉफ्टवेअरांमुळे नेटवर्क जोडण्या तुटू लागल्या आणि १५.०.१मध्ये दुरुस्ती करावी लागली. मॅकच्या बीटावर अपडेटनंतर ‘फुल डिस्क ॲक्सेस’ची परवानगी टिकून आहे ना, एवढे तरी पाहावे. ती गेली असेल तर अँटिव्हायरसला बहुतेक फाइली दिसतच नाहीत.

परवान्याची बाजू शेवटी, पण ती राहून जाऊ नये. बऱ्याच परवान्यांत आभासी मशीन वेगळा संगणक म्हणून मोजली जाते, आणि प्रीव्ह्यू वारंवार पुसून नव्याने टाकली की तीच की पुन्हा चालवताना अडचण येते. डेव्ह किंवा कॅनरीतून पक्क्या आवृत्तीकडे यायचे तर सहसा सगळे पुसूनच यावे लागते, आणि बिल्डची मुदत तर ठरलेली असते. ‘विनव्हर’मध्ये दिसलेली तारीख कॅलेंडरात टिपून ठेवावी. त्या तारखेच्या आधी फाइली बाहेर काढाव्यात, अँटिव्हायरसच्या खात्यात जाऊन हा संगणक वगळावा, मग उत्पादन काढावे आणि त्यानंतरच डिस्क पुसावी. पुसलेल्या संगणकावरून परवाना मोकळा करता येत नाही.